बेथेस्दाच्या कुंडाकाठी

आज आश्विन वद्य त्रयोदशी. क्षीरसागराच्या मंथनातून अमृताचा कलश हाती घेऊन प्रकट झालेल्या भगवान धन्वंतरीचे पूजन आज होईल. वैद्यमंडळी कडुनिंबाची पाने आणि साखर यांचा प्रसाद वाटतील, तिन्हीसांजेस दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लावला जाईल, आणि चतुर्दशीच्या पहाटे आबालवृद्ध अभ्यंगस्नान करतील. औषध, दीप आणि स्नान यांचा असा मेळ आपल्या पूर्वजांनी या पर्वात घालून ठेवला आहे. रोग हरण करणारा देव आणि आरोग्य देणारे पाणी यांविषयी माणसाच्या मनात जी ओढ आहे तिला देशकालाची मर्यादा नाही. म्हणून आजच्या मंगल दिनी आम्ही वाचकांस एका दूरच्या तीर्थावर नेणार आहोत. ते तीर्थ यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या पुण्यभूमीत, जेरुसलेम नगरात आहे. त्याचे नाव बेथेस्दा.

परधर्मीयांचे आख्यान धन्वंतरीच्या दिवशी कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, हे आख्यान मराठी कानांस अगदीच परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत गुंफले आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले. कोकणातून मुंबईस आलेल्या बेने इस्रायल बांधवांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याच हरिकीर्तनाची पद्धत उचलली आणि आपल्या पूर्वजांची चरित्रे साकी, दिंडी, अभंगांतून मराठीत गाइली. त्यांनी आमची पद्धत आपली म्हटली. आम्ही त्यांच्याकडील एक कथा आदराने सांगावी, यात अनुचित ते काय?

पाच ओसऱ्या आणि एक रुग्ण

प्राचीन जेरुसलेमच्या उत्तर बाजूस, मेंढरांची वेस म्हणून एक दरवाजा होता. त्याच्या जवळ एक कुंड होते आणि कुंडास पाच ओसऱ्या होत्या, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वर्णन आहे. त्या ओसऱ्यांत आंधळे, पांगळे, अंग लुळे पडलेले असे असंख्य रुग्ण पडून असत. ते वाट पाहत असत ती पाणी हलण्याची. मधूनमधून कुंडाचे पाणी आपोआप ढवळले जाई, आणि ढवळल्यानंतर जो सर्वांच्या आधी पाण्यात उतरेल तो बरा होई, अशी समजूत होती. देवदूत येऊन पाणी हलवतो असा खुलासाही पुढील पोथ्यांत आढळतो. परंतु अत्यंत प्राचीन हस्तलिखितांत ते वाक्य नाही. नंतरच्या कोणा लेखकाने लोकांत चालत आलेली समजूत तेथे नोंदली, असे पाठचिकित्सक मानतात. आमच्या पोथ्यांतही समासातली टीप मूळ श्लोकांत जाऊन बसते, हे शास्त्री मंडळींस ठाऊक आहे.

त्या गर्दीत एक मनुष्य अडतीस वर्षे आजारी होता. येशू ख्रिस्त तेथे आले आणि त्यांनी त्यास विचारले की, तुला बरे व्हावयाचे आहे काय? प्रश्न वरवर विचित्र वाटतो. रुग्णाने मात्र 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर दिले नाही. त्याने एवढेच सांगितले की, पाणी हलते तेव्हा आपणास पाण्यात सोडावयास कोणी माणूस नाही. आपण सरपटत जातो तोवर दुसराच कोणी पुढे उतरतो. त्यानंतर ख्रिस्तांनी त्यास उठून, अंथरूण उचलून चालू लागण्यास सांगितले, आणि तो चालू लागला. तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा होता. त्या दिवशी ओझे उचलणे निषिद्ध असल्यामुळे पुढे मोठा वाद झाला.

कीर्तनकाराच्या दृष्टीने या कथेचे मर्म रुग्णाच्या त्या एका गाऱ्हाण्यात आहे. तो देवावर रुसलेला नाही. पाण्याच्या सामर्थ्याविषयीही त्यास शंका नाही. तीर्थ जवळ होते, श्रद्धा होती, अडतीस वर्षांची चिकाटी होती. उणीव होती ती एका माणसाच्या आधाराची. ज्या तीर्थाचे फळ सर्वांत आधी पोहोचणारास मिळते, तेथे सर्वांत अधिक पीडित असलेला मागे राहणार हे उघडच आहे. हा पेच मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

मातीखालून निघालेली साक्ष

बेथेस्दाचे हे वर्णन काही काळ विद्वानांना काल्पनिक वाटे. पाच ओसऱ्या म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे रूपक, असा अर्थही कोणी लावीत. पुढे जेरुसलेममधील संत ॲनच्या बाराव्या शतकातील मंदिराच्या आवारात एकोणिसाव्या शतकात शोध सुरू झाला, आणि १९५६ नंतरच्या उत्खननांनी चित्र बरेच स्पष्ट केले. तेथे एकास एक लागून दोन विशाल कुंडे निघाली. त्यांची खोली सुमारे १३ मीटर असून दोहोंच्या मध्ये रुंद बांध आहे. चार बाजूंच्या चार ओसऱ्या आणि मधल्या बांधावरची पाचवी, असा वर्णनाचा मेळ बसला. वरच्या कुंडातील पाणी बांधातील वाटेने खालच्यात सोडले की पाणी ढवळत असावे, असाही एक तर्क आहे.

त्याच उत्खननात कुंडांच्या पूर्वेस खडकात कोरलेल्या लहान खोल्या, उतरत्या पायऱ्या आणि स्नानाची छोटी टाकी सापडली. त्यांच्यासोबत नवसाच्या वस्तूही निघाल्या. त्याच परिसरात संगमरवरी पाऊल मिळाले असून त्यावर पाँपेया ल्युसिलिया या रोमन स्त्रीचे नाव ग्रीक लिपीत कोरलेले आहे. तिचा पाय बरा झाला असावा आणि तिने देवास पाऊल वाहिले असावे. आपल्याकडे नवसाचे चांदीचे हातपाय आणि डोळे वाहतात, तोच हा भाव.

हा देव कोण? यहुद्यांनी १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध केलेला उठाव मोडल्यावर सम्राट हॅड्रियनच्या राज्यात जेरुसलेम हे 'एलिया कॅपिटोलिना' नावाचे रोमन नगर झाले होते. त्या काळी या कुंडाशी ग्रीकांचा वैद्यदेव ॲस्क्लेपियस, किंवा त्याच्यासारखाच मिसरचा सेरापिस, यांची उपासना चालत असे असे अनेक संशोधकांचे मत आहे. ख्रिस्ताच्या काळीही ती तेथे होती काय, यावर विद्वानांत एकमत नाही. एवढे मात्र खरे की यहुदी, रोमन आणि पुढे ख्रिस्ती, अशा तीन परंपरांचे लोक आपापली दुखणी घेऊन याच पाण्यापाशी आले. पाचव्या शतकात ख्रिस्ती लोकांनी त्या कुंडांच्या मधल्या बांधावर उंच कमानींच्या आधाराने मोठे उपासनामंदिर उभारले.

ग्रीकांचा वैद्यदेव

ॲस्क्लेपियस हा अपोलो देवाचा पुत्र. त्याने मेलेल्यासही जिवंत केले, म्हणून देवराज झ्यूसने त्यास वज्राने मारले आणि पुढे तो स्वतः देवपदास गेला, अशी ग्रीकांची कथा आहे. त्याच्या हाती सर्प वेढलेला दंड असतो. वैद्यकाचे चिन्ह म्हणून तो जगभर आजही दिसतो. त्याच्या कन्येचे नाव हायजिया, म्हणजे साक्षात आरोग्य.

ग्रीस देशातील एपिडॉरस हे त्याचे मुख्य क्षेत्र. रुग्णाने स्नान करून शुचिर्भूत व्हावे, नैवेद्य अर्पावा आणि रात्री देवालयाच्या विशेष दालनात निजावे. स्वप्नात देव येऊन उपचार करतो किंवा उपाय सांगतो, अशी तेथील रीत होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तेथे शिळांवर अशा सुमारे ७० हकीगती कोरलेल्या आहेत. त्यात अथेन्सची अँब्रोशिया नावाची एका डोळ्याने आंधळी स्त्री आहे. इतरांच्या हकीगती वाचून ती हसली होती. ती रात्री निजली, देवाने स्वप्नात येऊन तिला बरे करण्याचे कबूल केले. मात्र आपल्या अज्ञानाची खूण म्हणून तिने चांदीचे डुक्कर वाहावे अशी अट घातली. सकाळी तिला दिसू लागले. देव रागावला नाही. त्याने थट्टेनेच तिची खोड मोडली.

इसवी सनापूर्वी २९३ मध्ये रोममध्ये साथ आली, तेव्हा रोमन लोकांनी एपिडॉरसहून या देवाचा सर्प आणविला आणि टायबर नदीतील बेटावर त्याचे देवालय बांधले. त्या बेटावर सोळाव्या शतकापासून रुग्णालय चालत आले आहे. याच बेटाची एक कथा आमच्या प्रश्नाशी सरळ भिडते. पहिल्या शतकात रोमचे काही धनी आपले आजारी गुलाम या बेटावर नेऊन टाकीत. औषधपाण्याचा खर्च नको, देवाला हवे तर त्याने बरे करावे, असा त्यांचा हिशेब. सम्राट क्लॉडियसने आज्ञा काढली की, असे टाकलेले गुलाम बरे झाल्यास ते स्वतंत्र होतील, आणि कोणी टाकण्याऐवजी गुलामास ठार मारले तर तो खून समजला जाईल. सुएटोनियस या चरित्रकाराने हे नोंदवून ठेवले आहे. तीर्थाच्या नावावर आपली जबाबदारी झटकणारे लोक त्या काळीही होते, आणि त्यांस जाब विचारणारा राजाही होता.

यहुद्यांची विवेकदृष्टी

एकेश्वरास मानणाऱ्या यहुद्यांपुढे या आरोग्यदेवांचा प्रश्न फार पूर्वीपासून होता. रानात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा मोशेने परमेश्वराच्या आज्ञेने खांबावर पितळेचा सर्प उभारला, आणि त्याकडे पाहणारे वाचले, अशी कथा त्यांच्या धर्मग्रंथात आहे. पुढे लोक त्या सर्पापुढेच धूप जाळू लागले. तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया याने तो सर्प फोडून टाकला. साधन साध्य होऊन बसले, म्हणून मोशेच्या हातची वस्तूही त्याने राखली नाही.

हाच हिज्कीया जलदानासाठीही प्रसिद्ध आहे. शत्रूचा वेढा पडण्याची भीती असता त्याने नगराबाहेरील गिहोन झऱ्याचे पाणी खडकातून ५३३ मीटर लांबीचा बोगदा खणून आत आणले, असे मानले जाते. दोन टोकांकडून खणणारे मजूर मध्ये एकमेकांचे आवाज ऐकून कसे भेटले, याचा शिलालेख १८८० मध्ये सापडला. हे पाणी सिलोआमच्या कुंडात येते. ज्या राजाने पूज्य झालेला सर्प फोडला, त्यानेच तहानेल्या नगरास पाणी दिले.

सिलोआमचे पाणी मंडपांच्या सणात, जो आपल्या भाद्रपद वा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास येतो, सोन्याच्या पात्रातून वाजतगाजत देवालयात नेत आणि वेदीवर अर्पण करीत. इसवी सन ७० मध्ये ते देवालय नष्ट झाले तोवर ही प्रथा चालली. ख्रिस्तांनी एका जन्मांधाच्या डोळ्यांस चिखल लावून त्यास धुण्यासाठी पाठविले, तेही याच सिलोआमला. रोमन काळातील तेथील पायऱ्या २००४ मध्ये उजेडात आल्या.

नामानाची कथाही येथे आठवते. हा सीरियाचा सेनापती, त्यास कुष्ठ झाले होते. अलीशा या प्रेषिताने त्यास यार्देन नदीत सात वेळा बुडी मारावयास निरोपाने सांगितले. सेनापतीस राग आला. आपल्या दमास्कसच्या नद्या या ओहळापेक्षा चांगल्या आहेत, असे त्यास वाटले. तेव्हा त्याच्या सेवकांनी त्याची समजूत काढली, आणि तो बरा झाला. मोठ्या माणसाचा अभिमान तीर्थाआड आला आणि चाकरांचे शहाणपण उपयोगी पडले. बेथेस्दाच्या त्या रुग्णापाशी असे कोणी सेवक नव्हते, हाच दोहोंतील भेद.

आता एक अवघड प्रश्न. परदेवतांच्या देवळात जाऊनही रोगी बरे होतात, हे डोळ्यांनी दिसते. मग त्याचा अर्थ काय? हाच प्रश्न झुनिन नावाच्या मनुष्याने दुसऱ्या शतकातील थोर आचार्य रब्बी अकीवा यांस विचारला, असे तालमुदात आहे. अकीवांनी दृष्टांत सांगितला. एका नगरात एक विश्वासू गृहस्थ होता. लोक साक्षीदारांवाचून त्याच्याकडे ठेव ठेवीत. एकजण मात्र दर वेळी साक्षीदार आणी. एकदा तो साक्षीदार आणावयास विसरला. गृहस्थाची पत्नी म्हणाली, आता ठेव नाकारून त्यास धडा शिकवू या. गृहस्थाने उत्तर दिले की, त्याने मूर्खपणा केला म्हणून आपण आपली सचोटी का घालवावी? तसेच रोगाचे आहे, असे अकीवा म्हणाले. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस, कोणत्या औषधाने जावयाचे याची रोगाने आधीच शपथ वाहिलेली असते. नेमकी तीच वेळ आली असता रोगी परदेवतेच्या देवळात जाऊन बसला, तर त्याच्या चुकीपायी रोग आपली शपथ मोडत नाही.

अकीवांच्या मूर्तिपूजेविषयीच्या मताशी आम्हां मूर्तिपूजकांचे जमणार नाही, हे सांगावयास नकोच. परंतु या दृष्टांताचा गाभा विलक्षण आहे. माणूस कोणत्या दारी उभा आहे हे पाहून ईश्वरी न्याय आपला शब्द फिरवीत नाही, एवढी उदारता त्या कठोर एकेश्वरवाद्यानेही मान्य केली.

श्रेय कोणाचे?

ख्रिस्ती आचार्यांसमोर हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. ख्रिस्ताचे रोगनिवारण आणि ॲस्क्लेपियसच्या कथा यांत साम्य आहे, हे दुसऱ्या शतकातील जस्टिन या हुतात्म्यानेच आपल्या ग्रंथात मांडले आहे. मात्र ते अनुकरण दुष्ट शक्तींनी केलेले आहे, असे त्याचे म्हणणे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने सिलिशिया प्रांतातील ईगी येथील ॲस्क्लेपियसचे प्रसिद्ध देवालय पाडविले. देवालय पाडणे ही गोष्ट आम्हांस क्लेश देणारीच आहे. परंतु दुखणेकरी माणसाची गरज देवालयाबरोबर नाहीशी होत नाही. त्याच ईगीशी ज्यांचे हौतात्म्य जोडले जाते ते कॉस्मस आणि डेमियन हे वैद्यबंधू पुढे ख्रिस्ती जगात आरोग्यदाते संत म्हणून पूज्य झाले. रुग्णाकडून ते एक कवडीही घेत नसत, म्हणून त्यांस 'पैसा न घेणारे' असे बिरुद मिळाले. कॉन्स्टँटिनोपलच्या त्यांच्या मंदिरात रुग्ण रात्री निजत आणि स्वप्नात संत येऊन उपाय सांगत. देव बदलला, निजण्याची रीत तशीच राहिली.

यार्मुक नदीच्या खोऱ्यातील हम्मत गादेर येथील उष्ण झरे याचे आणखी एक उदाहरण. पाचव्या शतकातील सम्राज्ञी युडोशिया हिचा तेथे ग्रीक पद्यलेख आहे. त्यात पवित्र एलियाचे नाव आहे आणि ग्रीकांच्या हायजियाचेही आहे. इसवी सन ५७० च्या सुमारास आलेल्या एका ख्रिस्ती यात्रेकरूने लिहून ठेवले आहे की, कुष्ठरोगी रात्री दिवे आणि धूप घेऊन तेथील टाक्यात बसत आणि त्यांस दृष्टान्त होई. पुढे इस्लामी अंमल आला, आणि ६६२ मध्ये खलिफा मुआवियाच्या काळी आजाऱ्यांसाठी ही स्नानगृहे दुरुस्त झाल्याचा ग्रीक शिलालेख तेथेच आहे. हाच एलिया प्रेषित आमच्या कोकणातील बेने इस्रायलांचे परम दैवत. अलिबागजवळ खंडाळे येथे तो येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि त्याच्या नावाने ते पोहे, गूळ, खोबरे यांचा मलिदा करतात.

पाण्यात उतरविणारा हात

रोग कोणी बरा केला, याचा वाद अशा रीतीने शतकानुशतके चालला. आम्हांस त्या वादाचा निवाडा करावयाचा नाही. आमचे लक्ष अजून बेथेस्दाच्या त्या ओसरीवर आहे. श्रेयाचा वाद चालला असता, ज्यास पाण्यात उतरविणारे कोणी नाही त्याचे काय झाले?

त्याचे उत्तरही त्याच इतिहासात आहे. चौथ्या शतकात, ३७० च्या सुमारास, कॅपाडोशियातील सिझेरिया येथे बेसिल या धर्माध्यक्षांनी नगराबाहेर रुग्णांसाठी, निराधारांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठा आश्रम उभारला. तेथे वैद्य होते, शुश्रूषा करणारे होते, आणि आधी पोहोचणाऱ्यालाच लाभ अशी अट नव्हती. त्यापूर्वी थोडाच काळ, ३६१ ते ३६३ या वर्षांत, सम्राट ज्युलियन हा जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करू पाहत होता. त्याने आपल्या पुरोहितांस कान टोचणारे पत्र लिहिले की, ख्रिस्ती लोक स्वतःच्याच नव्हे तर आपल्याही गरिबांस पोसतात. तेव्हा नगरोनगरी धर्मशाळा उघडा. दोन परस्परविरोधी पंथांची स्पर्धा ज्यात होणे खरोखर इष्ट, अशी ही एकच गोष्ट.

वाचकहो, कुंडाचे पाणी हलविणे आपल्या हाती नाही. ते ईश्वराधीन आहे, आणि ते कधी हलेल हे कोणास ठाऊक नाही. कुंडाकाठी पडलेल्यास हात देऊन पाण्यापर्यंत नेणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. आपल्या वाड्यात, गल्लीत, क्षेत्राच्या वाटेवर असा एखादा मनुष्य असतो की, औषध ठाऊक आहे पण आणून देणारे कोणी नाही. दवाखाना जवळ आहे पण जिना उतरविणारे कोणी नाही. देवावर भाव आहे पण रांगेत उभे राहण्याचे बळ नाही. तो आपल्या दैवास बोल लावीत नाही. माणूस नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते.

आज धन्वंतरीची पूजा करताना हातांतील कलशाकडे क्षणभर पाहावे. अमृत वर काढावयास देव आणि दैत्य या दोघांचेही हात लागले होते. रोग्याच्या मुखापर्यंत ते पोहोचविण्यास कोणाचा तरी एक हात लागतोच. या दीपोत्सवात तो हात आपला असावा, हेच भगवान धन्वंतरीच्या चरणी मागणे. सर्व वाचकांस आयुरारोग्य लाभो.